जावयाचा फोटो

पहिला फटका खांद्यावर बसला, तेव्हा सगळा बाजार हसला.

फटका मासेवाल्या गुमनानचा होता. हातात गोठवलेला म्योंगते मासा, हातभर लांब आणि ओंडक्यासारखा टणक. समोर उभा होता तेशिक. म्हणजे सोमवारी-मंगळवारी टीव्हीवर बायकोला झोडपणारा तेशिक, ते काम करणारा नट. कोरियातल्या मुखो बंदरावर सुके माकूळ मासे घ्यायला म्हणून गाडीतून उतरला आणि बायकांच्या तावडीत सापडला. त्याचं खरं नाव बाजारात कुणालाच आठवेना, आणि कुणाला गरजही नव्हती.

"मेल्या, बायको म्हणजे काय धोपटायचं धुणं वाटलं होय रे तुला?"

"मारा मावशी, मारा," तो कमरेत वाकून हसला. "गेल्या आठवड्यात एका आजीनं चप्पल हाणली. म्हणजे काम बरं चाललंय माझं."

फोन वर झाले. शेजारची कोळंबीवाली ओरडली, "माझ्या वाटणीचा एक दे गं त्याला!" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता पिलजू, गुमनानचा जावई. माशांच्या खोक्यावर चढून तो शिट्ट्या मारत होता.

जावई म्हणजे शंभर वर्षं झाली तरी पाहुणाच, असं आमच्याकडे म्हणतात. तो दारात आला की सासूनं अंड्यावरची कोंबडी कापायची. गुमनाननं परवाच कापली होती. वाढता वाढता तिला लेकीच्या गळ्यावर उमटलेली पाच बोटं दिसली, तरी तंगडी तिनं जावयाच्याच वाडग्यात घातली. वर "पोटभर जेवा" म्हणाली. याआधी एकदा ती जावयाला बोलली होती. त्या बोलण्याचा राग घरी गेल्यावर लेकीच्या अंगावर निघाला, तेव्हापासून तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

लेक, एरान, आता टोपल्यांमागे उभी होती. मे महिन्याच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून.

दुसरा फटका नटाच्या कानशिलावर बसला. तिसऱ्यानं भुवई फुटली. रक्त गालावरून पांढऱ्या शर्टावर आलं, तसे हसणारे एकेक गप्प झाले. गुमनान थांबायला तयार नव्हती. चौथा, पाचवा. माशाचं शेपूट तुटून बर्फात पडलं.

"पोरीचा गळा धरतोस? माझ्या पोरीचा गळा धरतोस?"

"अगं, सोड त्याला! मरेल तो!" कोळंबीवाली किंचाळली.

मालिकेतला तेशिक पट्ट्यानं मारायचा. गळा त्यानं एकदाही धरला नव्हता. हे त्या नटाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यानं गुमनानचं मनगट पकडलं आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"मावशी, गळा मी नाही धरला. कुणी धरला?"

गुमनानला धाप लागली होती. डोळ्यांवर कुणाचा ताबा असतो? ते आधी मफलरकडे गेले आणि मग खोक्यावरच्या पिलजूकडे. नटाचे डोळेही त्याच वाटेनं जाऊन आले.

त्यानं तिचं मनगट सोडलं. मासा मात्र काढून घेतला नाही.

"पुरे आता, सासूबाई!" पिलजू खोक्यावरून उडी मारून पुढे आला. "बिचाऱ्याचं थोबाड हेच त्याचं पोट आहे. माफ करा हं साहेब, आमची सासू भोळी आहे. टीव्हीतलं सगळं खरं धरून चालते. एक फोटो काढू ना? गावभर मिरवतो."

"काढा की," नट म्हणाला. बाहीनं त्यानं डोळ्यावरचं रक्त पुसलं. "तुम्ही पुढे उभे राहा. मावशी, तुम्ही यांच्या मागे. अहो, लाजता काय, या अशा जवळ." आणि स्वतः तो दोन पावलं बाजूला सरकला.

"एरान, तूही ये!" पिलजूनं हाक मारली.

एरान आली नाही. गुमनाननं वळून लेकीकडे पाहिलं. आजवर हात आवरला तो हिच्यासाठी. हिनं नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं, तरी तिनं मासा बर्फात टाकून दिला असता आणि संध्याकाळी पुन्हा कोंबडी शिजवली असती.

एराननं मफलरचा एक वेढा सोडला. मग दुसरा. घडी घातली आणि टोपलीच्या काठावर ठेवली. कोळंबीवालीचा हात तोंडाकडे गेला. पिलजूची तिकडे पाठ होती.

त्यानं फोन उंच धरला. त्या इवल्याशा काचेत तिघं मावले होते. पुढे तो, कडेला रक्ताळलेला नट, मागे सासू. सासूनं मासा दोन्ही हातांनी धरून डोक्यावर उचललेला त्याला त्यात स्पष्ट दिसला, आणि हसून हसून त्याचा फोन हलला.

"वा, सासूबाई, झकास! अश्शाच राहा, हलू नका. हं, हसा आता. एक... दोन..."

गुमनान तीनसाठी थांबली नाही.