जतन झाली

"मॅडम, खंडेनवमीची पूजा करायचीय, पॅनल पुसायला मेन बंद करतो!" वायरमन तांडेलकाकांनी खालच्या मजल्यावरून हाक दिली. यूपीएस असल्यामुळे मी निर्धास्तपणे "करा" म्हणाले आणि सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची माळ बांधू लागले.

आमच्या रक्तपेढीची प्रत्येक नोंद तीन सर्व्हरवर लिहिली जाते. तिन्ही डिस्कवर ती उतरल्याशिवाय पडद्यावर 'जतन झाली' असं येत नसे. महिनाभर त्याला फार वेळ लागत होता आणि सगळे माझ्यावर खेकसत होते. शेवटी सोमवारी मी सेटिंगच बदललं: नोंद मेमरीत आली की लगेच 'जतन झाली' म्हणायचं, डिस्कवर मागाहून लिहायचं. काम पळायला लागलं. मोठ्या डॉक्टरांनी पेढे दिले. डिस्क मंद का झाली, ते मात्र मी शोधलंच नाही.

माळेची गाठ मारताना पडद्याकडे लक्ष गेलं. डिस्कवर लिहायच्या राहिलेल्या नोंदी: तीनशे अठरा. कुठल्या पिशवीत कोणत्या गटाचं रक्त, कुठल्या पिशवीत काविळीचे विषाणू सापडले, दोन दिवसांचं सगळं नुसतं मेमरीत होतं. वीज गेली की पुसलं जाणार.

"मॅडम, यूपीएसलाही हळदकुंकू लावायचंय, तोही बंद करतो हं!"

"काका, नको! थांबा!" मी जिन्याकडे धावत ओरडले.

"काय म्हणालात?"

त्यांनी हळूच विचारलं होतं, तरी मला एकेक अक्षर ऐकू आलं. मागे सर्व्हरचे पंखे थांबले होते.