तिसऱ्या डब्याचं पाणी

पडद्यावर धाकटी डोकं खाली, पाय वर अशी तरंगत होती आणि तशीच सांगत होती, की तिसऱ्या डब्यातल्या रोपांनी माना टाकल्यात. पाणी मुळांशी राहायचं सोडून खोडावर चढून बसलंय.

"ताई, तुझा डबा गळतोय बहुतेक," ती म्हणाली. "झडप पुन्हा एकदा तपासायला हवी होती."

तुझा डबा. प्रयोगशाळेत थोरलीने हातमोजे चढवले. तो डबा तिने वर्षानुवर्षं खपून बनवला होता. मागे सहकाऱ्यांबरोबर उभ्या असलेल्या विभागप्रमुखांनी उगाच घसा खाकरला.

तिच्यासमोर हुबेहूब तसेच डबे मांडलेले होते. वर अंतराळस्थानकात आज जे होईल, तेच उद्या खाली करायचं; त्याच तापमानात, तशाच हवेत. म्हणजे वजन नसल्याने काय फरक पडला तो तेवढा वेगळा काढता येतो. वरचा हात चुकला, तर खालच्या हातानेही तस्संच चुकायचं, नाहीतर तुलना फुकट. हा नियम थोरलीनेच घालून दिला होता. तेव्हा वर जाणारा हात आपला असेल, असं ती धरून चालली होती.

अर्ज दोघींनी केले होते. धाकटी थोरलीच्या मागोमाग वनस्पतिशास्त्राकडे आली, सूक्ष्मदर्शकाखाली मुळाचा काप ठेवायलाही तिच्याकडूनच शिकली. मग सुटीच्या दिवशी विमान चालवायला शिकायचं खूळ तिने डोक्यात घेतलं. घरचे हसले. निवड समितीला नेमकं तेच खूळ आवडलं. थोरलीला मात्र फिरत्या खुर्चीतून उठताना भोवळ आली आणि कानाच्या तपासणीतच तिचा निकाल लागला. आता आई रोज थोरलीला फोन करायची, धाकटी जेवली का, सुकली तर नाही ना, हे विचारायला. थोरलीच्या जेवणाची चौकशी राहूनच जायची. जन्माने पुढे असलेली थोरली हल्ली रोज धाकटीच्या एक दिवस मागे जगत होती.

काल याच वेळी धाकटी शाळेतल्या मुलांशी बोलता बोलता रोपांना पाणी देत होती. एका मुलाने विचारलं, वर आंघोळ कशी करता? ती खळखळून हसली आणि हसता हसता तिसऱ्या डब्याला तिने दुसऱ्यांदा सिरिंज लावली. कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. थोरलीचं मात्र लक्ष तिच्या हातांवरच होतं. तेव्हाच सांगितलं असतं, तर जादाचं पाणी शोषून काढता आलं असतं. थोरली गप्प बसली. कालपासून ती ही गोष्ट कुणाला न सांगता गोळीसारखी चघळत होती.

आता एकदाच पाणी दिलं की झालं. उद्या खालचा डबा टवटवीत उभा राहील, गळतीचा ठपका आपोआप पुसला जाईल आणि चूक कुणाची ते तोंडाने सांगावंही लागणार नाही. प्रयोग तेवढा वाया जाईल. तिसऱ्या डब्यातलं बी सगळ्यांत मोलाचं होतं आणि तसलं दुसरं शिल्लक नव्हतं.

तिने सिरिंज लावली, दाबली. पाणी शहाण्यासारखं मुळांपर्यंत उतरलं. झडपेतून थेंबही आला नाही. विभागप्रमुखांनी वाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

थोरलीने रिकामी सिरिंज बाजूला ठेवली. मग तिने दुसरी सिरिंज उचलली आणि त्याच डब्याला लावली.

"अहो, दिलंत की पाणी," विभागप्रमुख म्हणाले.

"वर दोनदा दिलंय," थोरली म्हणाली. "डबा गळत नाही."

माईक सुरूच होता. पडद्यावर धाकटीने भिंतीचा दांडा पकडला आणि स्वतःला थांबवलं. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"काल मुलांशी बोलताना," ती हळूच म्हणाली.

"हो."

"तू बघितलंस?"

"हो."

"मग काल का नाही बोललीस, ताई? वाचली असती गं रोपं."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या. सिरिंजमध्ये अजून निम्मं पाणी होतं. तिने दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबला. आता मुळं पूर्ण बुडाली.

"काल सगळे तुझ्याकडे बघत होते," ती म्हणाली.