केंद्रात जायची सकाळ

दीर पेट्रोल भरून येईपर्यंत बॅग तयार हवी होती. तिने नवऱ्याचे शर्ट घडी घालून आत ठेवले, दाढीचं सामान ठेवलं.

अखेर स्वारी व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाली होती. दिराने ओळखीपाळखी काढून जागा मिळवली होती. अट एकच, माणूस शुद्धीत आला पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला, आणि रांग तर मारुतीच्या शेपटासारखी. म्हणून दिराने सांगितल्याप्रमाणे गोळ्या लपवायच्या सगळ्या जागा तिने कालच रिकाम्या केल्या होत्या.

सासूबाईंनी सगळं श्रेय सुनेला देऊन टाकलं. दुसरी असती तर केव्हाच माहेरी गेली असती, असं त्या आल्यागेल्याला सांगत. पाठदुखीच्या गोळ्यांनी मुलाचं गॅरेज गिळलं, मित्र पांगले. आता तो दिवसभर खिडकीत बसे आणि नात त्याच्या मांडीवर डोकं ठेवून चित्रं काढी. पूर्वी काय रुबाब होता त्याचा! गल्लीच्या टोकाला आवाज ऐकू यायचा. तो घरात शिरला की पोरगी पलंगाखाली लपायची, काय खेळ चालायचा बापलेकीचा! सासूबाईंचे डोळे भरून आले. सुनेने मान डोलावली.

तो आंघोळ करून स्वयंपाकघरात आला.

"भीती वाटतेय गं. पण जाणार. बघ, पूर्वीसारखा होऊन येतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिला त्याची दया आली, अगदी मनापासून. "चहा घ्या. वाटेत कुठे मिळायचा?"

"फार गोड केलास आज," तो म्हणाला, पण सगळा प्यायला.

दीर आला तोवर तो भिंतीला टेकून बसला होता. मान कलली होती, ओठांवर मंद हसू होतं. दिराने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी खाल्ल्याच याने, आता केंद्रवाले दारातही उभं करणार नाहीत, असं म्हणत तो बाहेर गेला. सासूबाई रडत त्याच्या मागे गेल्या.

दाराआडून मुलगी पुढे आली. बापाकडे बघत तिने हळूच विचारलं, "आई, मग आता बाबा आपल्याला पुन्हा मारणार नाहीत ना?"

"नाही," ती म्हणाली आणि कुणी हात लावायच्या आत तिने चहाचा कप विसळून टाकला.