दार धरून ठेवते

जरा जवळ सरका मंडळी, एक गोष्ट ऐकवतो. परदेशात मुलाकडे असलेली आई थोड्या दिवसांची सोबती होती, म्हणून तिच्या दोघी लेकी भेटीला निघाल्या. पहिलंच विमान रखडलं आणि पुढचं सुटायला आलं. थोरलीचे गुडघे धरलेले. धाकटी म्हणाली, "ताई, तू सावकाश ये, मी पळत जाऊन दार धरून ठेवते!" थोरली लंगडत पोचली, तर दार बंद. "माझ्या बहिणीनं सांगितलं नाही, मी येतेय म्हणून?" दाराशी उभी असलेली मुलगी ओशाळली. "मावशी, मागे कोणी आहे का, असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मी एकटीच." दुसरं विमान मिळायच्या आत धाकटी तिकडे पोचलीही, आणि आईचा शेवटचा फोन आला. "धाकटी म्हणते, तू चहा पीत बसलीस?" "हो गं आई, चुकलंच माझं." मंडळी, हात जोडाल तेव्हा त्या थोरलीची आठवण ठेवा.