शनिवारी दोन ते चार
घरी बसून मी शेअरबाजारातल्या एका कंपनीचं काम करते: कोणत्या उद्योगपतीचं खासगी विमान कुठे उतरलं, ते स्क्रीनवर पाहून कळवायचं. गेले पाच शनिवार एका सिमेंटवाल्याचं विमान एका आडबाजूच्या धावपट्टीवर दीडला उतरून सव्वाचारला उडत होतं, आजही उतरलं. फोनवर साहेबांना उकळ्या फुटत होत्या. "तिथली बंद कागदगिरणी घेतोय तो! आजच अहवाल पाठवा, मॅडम." मांडीवरच्या लेकीला थोपटत मी नकाशा उघडला. धावपट्टीजवळ एक निवासी शाळा होती. लेक जेमतेम आठ महिन्यांची, तरी काळजीपोटी मी अशा पंचवीस शाळांची माहितीपत्रकं वाचून ठेवली आहेत. या शाळेचंही वाचलं होतं: पालकभेट, शनिवारी दोन ते चार. सत्र सुरू होऊन सहाच आठवडे झाले होते, आणि सिमेंटवाल्याच्या फाइलीत 'एक मुलगा, वय नऊ' असं होतं. "सर, गिरणीबिरणी काही नाही. तो मुलाला भेटायला जातो. पण शाळेचं नाव अहवालात गेलं, तर पुढच्या शनिवारी फाटकावर कॅमेरेवाल्यांची रांग लागेल." "मुलाला भेटायला विमान लागतं का हो?" "त्याच्याकडे तेच आहे, सर." ते हसले. "बरं, 'व्यवहार नाही' एवढंच लिहा. शाळा राहू द्या." मी तसंच लिहून पाठवलं. पावणेपाच झाले तरी विमानाचा ठिपका धावपट्टीवरच होता. एरवी ते उडेपर्यंत मी जागची हलत नाही. आज स्क्रीन बंद केली. बसू देत बापलेकांना निवांत.