कोरी नोंद

चिखलातला ठसा चार बोटं रुंद होता आणि नखांच्या खुणा अजून ओल्या होत्या. साखराबाईने आजूबाजूला पाहिलं आणि वहाणेने तो पुसून टाकला. मेंढरं पाण्यावर आणली की गेली दोन वर्षं ती आधी हेच करायची. त्यापूर्वी एकदा लांडग्याचं बीळ सापडल्याचं ती गावात बोलून गेली होती, आणि दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी त्या बिळात धूर करून पिल्लं मारली होती.

धारूरच्या कॉलेजात शिकवणारी दीपमाला महिनाभर माळावर फिरत होती. दिसेल त्या जनावराची मोबाईलवर नोंद कशी करायची, ते ती मेंढपाळांना शिकवायची. आज ती पुन्हा आली.

"मावशी, लांडगा दिसला का कुठं?"

"आमच्या सरपंचाबिगर हितं दुसरा लांडगा न्हाई, पोरी."

दीपमाला हसली नाही. "सगळेच नाही म्हणतात. आज नोंदीचा शेवटचा दिवस. एकही नोंद झाली नाही, तर या माळावर रानटी जनावरच नाही असं सरकारी कागदावर ठरेल. मग पुढच्या महिन्यात माळ खणायला सोलरवाल्यांचे जेसीबी येतील."

साखराबाईने टेकडीकडे पाहिलं. दोन वर्षं तोंड मिटून जपलेला माळ तिच्या गप्प बसण्यानेच रिकामा ठरत होता.

तिने काठी टेकडीकडे रोखली.



"लिही. लांडगा हाय. मादी अन् चार पिल्लं. चल, बीळ दावते."