स्वस्तातलं वल्हं

तिसरं वल्हंही नवऱ्याच्या हातातून निसटलं आणि फरशीवर आपटलं.

"भलतंच महाग आहे हो हे," बायको लगबगीने म्हणाली आणि तिने ते उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. "आपल्याला काय शर्यत जिंकायचीय? रविवारी तळ्यात दोन फेऱ्या मारायच्या. स्वस्तातलं दाखवा काहीतरी."

किंमत तिने विचारलीसुद्धा नव्हती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून नवऱ्याचा उजवा हात नावापुरताच उरला होता, आणि परक्यासमोर ते उघडं पडू नये म्हणून ती मघापासून किमतींच्या नावाने बोटं मोडत होती. कंजूष तर कंजूष! दुकानदाराला काय म्हणायचं ते म्हणू दे, झाकली मूठ झाकलेली राहिली म्हणजे झालं.

दुकानदार सुतारच होता, वल्ही स्वतः तासायचा. अंगावरचा भुसा झटकत तो माळ्यावर चढला आणि एक फिकट, गाठीगाठींचं वल्हं घेऊन उतरला. "देवदाराचं आहे. दिसायला गरीब, पण याच्याहून हलकं माझ्याकडे नाही. वर्षातून एकदा तेल तेवढं पाजा."

हलकं आणि वर स्वस्त! बायकोचा जीव भांड्यात पडला.

नवऱ्याने डाव्या हाताने दांडा धरला. उजव्याची बोटं एकेक करून वरच्या मुठीवर बसवली आणि हवेतच पाणी मागे लोटल्यासारखं केलं. जमलं की! "बघा!" असं तिच्या तोंडून निघूनच गेलं. दुसऱ्या खेपेला बोटं आपसूक उघडली. वल्हं खाली पडलं नाही, कारण या वेळी तिचा हात आधीच तयार होता.

नवऱ्याने त्या हाताकडे पाहिलं.

"हेही महागच आहे ना गं?"

तिने वल्हं आपल्याकडे ओढून घेतलं. "अहो, उन्हाळ्यात येऊ पुन्हा. तोवर हातात जोर येईल."

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस." मग तो दुकानदाराकडे वळला. "असंच एक करून द्या. हिच्या मापाने."

"काहीतरीच काय! जन्मभर होडीत पुढे पाय पसरून बसलेली बाई मी. वळवता तरी येते का मला ती?"

"आता पुढे मी बसेन. सांगत जाईन. सांगणारा आहे तोवर शिकून घे."

तिने नकारार्थी मान हलवली, पण तोवर दुकानदाराने एक बुटकं स्टूल पुढे सरकवलं होतं. "बसा ताई. बैठकीपासून नाकापर्यंत माप घेतात." ती बसली. तिच्या तोंडासमोर पट्टी उभी राहिली आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू एकदम वर आलं. खांदे खचले, मान खाली गेली.

दुकानदाराने पट्टी खाली घेतली नाही.

"ताठ बसा ताई," तो हळूच म्हणाला. "वाकलात तर वल्हं तोकडं होईल."